एकट्या हातची जोडी

आमच्या घरात भुलाबाईची पहिली जोडी एकट्यानं घडवत नाहीत. नवरा-बायकोनं समोरासमोर बसून घडवायची, एकाच गोळ्यातून. गोळा मधोमध तोडायचा, अर्धा त्यानं घ्यायचा, अर्धा तिनं. त्यातही उलटं आहे. पुरुषानं भुलाबाई घडवायची आणि बाईनं भुलोजी. असं का, ते माझ्या बापानं मला सांगितलं नाही, आणि त्याला त्याच्या बापानं सांगितलं नसेल. मी कुंभाराचा पोरगा, चौथीपर्यंत शिकलो. तेवढ्या शिक्षणात ‘का’ विचारायची सवय लागत नाही.

भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे महादेव, भिल्लाच्या वेशातले. भादव्याच्या पुनवेला बसतात, कोजागिरीला उठतात. महिनाभर रोज संध्याकाळी पोरी त्यांच्यासमोर गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि डब्यात झाकून आणलेला खाऊ ओळखायला लावतात. वऱ्हाडातल्या बायांना हे सांगायची गरज नाही. त्यांच्या पोरींना आता सांगावं लागतं, म्हणून लिहिलं.

बाजारात विकायच्या जोड्या आम्ही साच्यातून काढतो. त्या कोणीही काढाव्या, पोटासाठी आहेत त्या. पण वर्षाची पहिली जोडी हातची. ती झाल्याशिवाय साचा उघडायचा नाही. त्या दिवशी सकाळी दोघांनी आंघोळ करायची, काही खायचं नाही, दिवा लावायचा आणि माती हातात घेतल्यापासून तोंड बंद. काळ्या मातीत पिंजलेला कापूस मळलेला असतो, म्हणजे वाळताना चीर पडत नाही. मग बसायचं. आणि उठायचं कधी, तर ती आल्यावर.

हे ‘येणं’ ज्यानं पाहिलं नाही त्याला समजावून सांगणं कठीण आहे, पण प्रयत्न करतो. आधी तुम्ही माती दाबत असता. गाल, हनुवटी, कपाळ, जशी सवय आहे तसं. तुमचंच डोकं चालू असतं, बोटं त्याचं ऐकत असतात. मग एका वेळेला बोटं ऐकायची बंद होतात. ती आपली आपण जातात. तुम्ही नुसते बसलेले असता, आपल्याच हाताकडे दुसऱ्याचा हात पाहावा तसे पाहत. आणि मग समोरच्या मातीत कोणीतरी असतं. चेहरा काही फार बदलत नाही, रेषा त्याच. पण आत्तापर्यंत तुम्ही तिच्याकडे पाहत होता, आता ती तुमच्याकडे पाहते. तेव्हा पुरुषानं म्हणायचं, “आली.” बाईचं झालं की तिनं म्हणायचं, “आला.” दिवसभरात तोंडातून निघालेला तो पहिला शब्द. त्यानंतर बोट लावायचं नाही. गालावर खड्डा राहिला असला तरी राहू द्यायचा. त्याला तसंच यायचं होतं, आपण कोण दुरुस्त करणारे.

लोक याला कला म्हणतात. आमच्या घरात हा शब्द कोणी वापरला नाही. बाप म्हणायचा, आपण नाही घडवत, आपल्या हातून होते. लहानपणी मला वाटायचं, म्हातारा नम्रपणा दाखवतो. पुढं स्वतः बसलो तेव्हा कळलं की तो नम्रपणा वगैरे काही नव्हता, जसं होतं तसं सांगत होता.

माझी बायको अकोल्याकडची. तिच्या माहेरी चाक होतं, माठ-रांजण होते, पण ही पहिल्या जोडीची रीत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या भादव्यात माझ्या आईनं तिच्या हातात अर्धा गोळा दिला आणि समोर बसवलं. मला वाटलं, ही नवी पोरगी, हिला काय समजणार. माझी भुलाबाई आली, मी बोललो, आणि ती अजून दाबतच होती. ऊन ओट्यावरून उतरून गेलं तरी दाबत होती. माझी आई दारात उभी. मग तिनं मान वर न करता हळूच म्हटलं, “आला.” आईनं जवळ येऊन पाहिलं आणि आत जाऊन साखर आणून तिच्या तोंडात घातली. माझ्या आईनं सुनेला साखर भरवली, ही गल्लीत महिनाभर पुरलेली बातमी होती.

तिचा भुलोजी दरवर्षी थोडा वैतागलेला दिसायचा. संध्याकाळी घरी आलेला माणूस, आणि भाकर अजून तव्यावर. मी चिडवायचो, हा तं माह्यासारखाच दिसते. ती म्हणायची, “तुमचं तोंड पाहून देव येईन का? आलेला वापस जाईन.” पण हे सगळं जोडी झाल्यावर. घडवताना ती माझ्याकडे पाहायचीसुद्धा नाही. इतकी वर्षं एका ओट्यावर, हातभर अंतरावर बसलो आणि त्या वेळात ती कुठं जायची ते मला माहीत नाही. मी कुठं जायचो ते तिला माहीत नव्हतं. त्याबद्दल बोलायचं नाही अशीच रीत. तरी एकदा मी विचारलं होतं, एखाद्या वर्षी नाही आला तर? ती शेणानं ओटा सारवत होती. म्हणाली, त्याच्या येण्याची फिकीर आपण काहून करायची, आपण ओटा सारवून ठेवायचा.

तिच्या पोटात गाठ निघाली. पोरगा अकोल्याला डाळ मिलमध्ये कामाला आहे, तो तिला तिकडे घेऊन गेला, मोठ्या दवाखान्यात. मीही गेलो. शेवटचे काही दिवस ती शुद्धीत कमी आणि बाहेर जास्त होती. तेव्हा तिची बोटं चालायची. दोन्ही हातांचे अंगठे चादरीच्या घडीवर दाबत, मग तर्जनी खालून वर फिरवत. मी वाकून पाहिलं. ते नाक होतं. ती नाक काढत होती. मी नर्सबाईला बोलावून दाखवलं. ती चांगली पोरगी होती, रागावली नाही. म्हणाली, “होतं असं आजोबा, शेवटी शेवटी सगळेच चादर चाळवतात.”

सगळेच चाळवत असतील. मी काही डॉक्टर नाही. पण मी पलंगाच्या कडेला बसून त्या भुलोजीला मनातल्या मनात म्हणालो, बाबा, ही बाई आयुष्यभर तुला घडवत आली, आता तिचे हात तुझ्याचसाठी चालू आहेत, एकदा तरी माणसाचं ऐक. यापेक्षा वेगळं काही मागितलं नाही. ती आषाढात गेली. तिला अग्नी अकोल्यातच दिला, कारण गाडीनं इकडे अमरावतीला घरी आणायची तर पाऊस लागलेला आणि पोरगा रडून रडून अर्धा झालेला. मी एक थेंब रडलो नाही. मला राग आला होता, आणि रागात पाणी येत नाही डोळ्याला, माझ्या तरी येत नाही.

त्या वर्षी घरात दुःख, सण नाही, म्हणून भुलाबाई घडवायचा प्रश्नच आला नाही. मला ते बरं वाटलं. साच्यातल्यासुद्धा काढल्या नाहीत. वर्षश्राद्ध झालं आणि मग तो आडोसा गेला.

आमच्या गल्लीतल्या पोरी आता संध्याकाळी राजापेठेत ट्यूशनला असतात, भुलाबाईसाठी कोणाला वेळ नाही. पण याच गल्लीत वाढलेल्या काही बाया लग्न होऊन राजापेठेतल्या फ्लॅटमध्ये राहतात आणि त्यांना आता ते सगळं आठवतं. काही वर्षांपासून आमची पहिली जोडी तिकडेच जायची. त्यांच्यातली एक बाई, शाळेत शिकवते, ती श्रावण संपता संपता स्कुटीवर आली. माझ्या बायकोच्या तेरवीलाही आली होती, माणुसकीची आहे. म्हणाली, “काकाजी, मागच्या वर्षी आम्ही बाजारातली साच्याची बसवली. मन नाही लागलं. यंदा तुमची पाहिजे. तुमच्या हातात कला आहे.”

मी म्हणालो, जोडी होत नाही आता.

“का बरं?”

“जोडीदारीण मेली.”

 ओट्यावरच्या रिकाम्या पाटाकडे पाहून घेतलं तिनं. मग समजुतीनं म्हणाली, “ते आहेच हो काकाजी. पण तुम्ही एकट्यानं केली तरी आमच्याकडे कोणाला काय समजते?”

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मला वाट मोकळी करून देत होती बिचारी. पण ते वाक्य माझ्या अंगात कुसळासारखं शिरलं. दिवसभर काढायला गेलं की आणखी आत जायचं. कोणाला काय समजते. खरंच, कोणाला काय समजते?

मोठी बहीण मोर्शीला दिलेली आहे. तिचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. फोनवर तिला सांगितलं की राजापेठेवाल्या जोडी मागतात. तिनं लगेच तोड काढली, पोराला आणि सुनेला बसव. घराण्याची रीत आता त्यांच्याकडे जाते, त्यात विचार करायचा काय. मी म्हटलं, सुनेनं कधी माती हातात घेतली नाही. तर म्हणाली, तुह्या बायकोनं तरी कुठं घेतली होती. मग आवाज बारीक करून म्हणाली, “पण बाबू, तू एकट्यानं हात लावू नोको. रंडव्याच्या हातची भुलाबाई पोरीबाळींपुढं बसवतेत काय? मी स्वतः रांडमुंड बाई हाय, मले ठाऊक हाय आपल्याले कशाकशाले हात लावता येत नाई.”

मी हो म्हटलं आणि पोराला बोलावलं. रविवारी दोघं अकोल्याहून आले. सून ब्लाऊज शिवते, सबंध दिवस मशिनीवर असते, स्वभावानं सरळ आहे. मी सगळी रीत सांगितली. उपास, दिवा, गोळा तोडणं, गप्प राहणं, आणि ते येणं. पोरगा खाली पाहत होता. त्यानं लहानपणी आमच्या दोघांच्या मध्ये बसून हे सगळं पाहिलेलं, त्याला नवं काही नव्हतं. सुनेनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “मामाजी, मी बसीन. तुमी सांगान तसा हात लावीन, उपाशीही राहीन. पण मले काही वाटणार नाही हो. चालंन का तुमाले?”

आजवर कोणी माझ्याशी यापेक्षा खरं बोललं नसेल. आणि मी त्या पोरीवर ओरडलो. म्हणालो, मंग राहू दे, ज्याले काही वाटत नाही त्या हाताची मले नाही पाहिजे. तिचे डोळे भरले, पण ती उठून गेली नाही. पोरगा उठला. आयुष्यात माझ्यासमोर मान वर करून बोलला नव्हता, तो बोलला.

“बाबा, तुमाले जोडी नाही पाहिजे. तुमाले आई पाहिजे. थे आमी कुठून आणू?”

दुपारच्या गाडीनं दोघं निघून गेले. सुनेनं जाताना माझ्यासाठी भाजी करून ठेवली होती, झाकण ठेवून. मी ती खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी आंबली, गाईला टाकली.

त्यानंतर मला जो राग आला तो पोराचा नव्हता, सुनेचा तर नाहीच. त्याचा होता. तो जो दरवर्षी यायचा. मी म्हणालो, माझी जोडी तू मोडली आणि तुझी जोडी मात्र दरसाल पाटावर बसली पाहिजे. ठीक आहे. बसवतो. तुझ्याशिवाय बसवतो. तू न येता जोडी होते का नाही ते एकदा पाहूनच घेऊ. नाही झाली तर तू खरा. झाली तर मग इतकी वर्षं आम्ही दोघं कोणासाठी उपाशी बसत होतो, ते तू सांग.

सकाळी मी मुद्दाम पोटभर भाकर खाल्ली, वर कांदा. दिवा लावला नाही. आंघोळ केली नाही. माती पुढं घेतली आणि मोठमोठ्यानं बोलत बसलो, त्याला जे बोलायचं ते. शेजारची बाई डोकावून गेली, तिला वाटलं फोनवर भांडतो आहे. कापूस जास्त पडला, माती मळायचं काम बायकोकडे असायचं, मला अंदाज नाही. गोळा तोडला. एक अर्धा ओल्या फडक्यात झाकून ठेवला आणि दुसऱ्याची भुलाबाई करायला घेतली.

ती झाली. हाताला पाठ आहे ती. बोलता बोलता कधी गप्प झालो ते माझं मलाच समजलं नाही. समजलं तेव्हा स्वतःचाच संताप आला, कारण मी थांबलो होतो. वाट पाहत होतो. इतकं ठरवून, भाकर खाऊन, शिव्या देऊन बसलो आणि शेवटी वाटच पाहत होतो. गाल होते, हनुवटी होती, सगळं जागच्या जागी. पाहणारं कोणी नव्हतं. मी तिला पाटावर ठेवून दिलं.

भुलोजी मी उभ्या आयुष्यात घडवला नव्हता. फडकं काढलं आणि तो अर्धा गोळा हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला तिचं काम येत नाही. हातभर अंतरावर बसून ते काम डोळ्यांखालून गेलं, पण डोळ्यांनी पाहिलेलं बोटांना येत नसतं. तरी केलं. डोकं, फेटा, मिशा. मग नाक. तिची बोटं चादरीवर कशी चालत होती ते आठवून तशीच चालवली. खालून वर, खालून वर. नाक झालं. पण थांबायचं कधी? थांबायची खूण एकच, तो आला की. तो येईना. मग पाणी लावून बोट पुन्हा फिरवलं. पुन्हा वाट पाहिली. पुन्हा पाणी, पुन्हा बोट. माझ्यासारखा मूर्ख दुसरा नसेल, ज्याला न बोलावता काम करायचं होतं त्याचीच वाट पाहत मी त्याचं नाक झिजवत होतो. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. शेवटी बोटाखाली काहीच लागेना तेव्हा शुद्धीवर आलो. त्या दणकट भिल्लाचं नाक बाईच्या नाकासारखं पातळ झालं होतं. मी हात काढून घेतला. काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही झालंच नव्हतं.

जोडी सावलीत वाळली. कापूस जास्त असल्यानं एकही चीर पडली नाही. खडूचा हात दिला, रंग दिले, डोळे काढले. पुनवेच्या दिवशी ऑटोत मांडीवर घेऊन राजापेठेला नेली.

फ्लॅटच्या खालच्या हॉलमध्ये त्यांनी मखर केलं होतं, ज्वारीच्या धांड्याऐवजी थर्माकोलचं, वरून लुकलुकणाऱ्या लाइटा. बाया नऊवारी नेसून आलेल्या. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो, चहा आला. जोडी पाटावर बसवली आणि सगळ्या भोवती जमल्या. मला वाटत होतं, आता कोणीतरी म्हणेल. कोणीतरी नाक मुरडेल, यंदा काहीतरी चुकलं म्हणेल. मी त्यासाठीच तर बसलो होतो.

“अगं बाई, यंदाचा भुलोजी पाहा किती सुंदर! नाक कसं नाजूक आहे!”

सगळ्यांनी वाहवा केली. ती शिकवणारी बाई माझ्याकडे वळून म्हणाली, काकाजी, दरवर्षीपेक्षा छान झाली. प्रत्येकीनं जोडीसोबत फोटो काढला. गाणी सगळ्यांना अर्धीअर्धी येत होती, मग एकीनं मोबाइलवर लावली आणि बाकीच्या मागून म्हणू लागल्या. खाऊ ओळखायच्या वेळी डब्यात पेस्ट्री निघाली. मी चहा पीत होतो आणि आतून जळत होतो. मी पैज जिंकलो होतो. तो न येता जोडी झाली होती, बसली होती, तिची आरती झाली होती. जिंकल्यावर माणसाला असं वाटत असेल तर हरलेलं बरं.

तेवढ्यात माझी बहीण दारात दिसली. मोर्शीहून कोणाच्या तरी गाडीतून आली होती, सुनेच्या हातची पहिली जोडी पाहायची म्हणून. मी तिला हो म्हटलं होतं ना, तर तिनं धरून चाललेलं की पोरगा आणि सून बसले. गुडघ्यांनी बेजार, तरी ती हातात काठी घेऊन सरळ मखरापाशी गेली आणि खाली बसली. बायांनी जागा करून दिली. ती किती तरी वेळ पाहत राहिली. ती आमच्याच घरात जन्मलेली, आमच्या आईबापाची जोडी घडताना तिनं माझ्याआधी पाहिलेली. तिच्यापुढं माझी लबाडी टिकणार नाही हे मला माहीत होतं आणि मी खुर्चीत ताठ बसलो, एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून.

तिनं हात जोडले. तिचा चेहरा मला एका बाजूनं दिसत होता. तो हलला. तोंडातल्या तोंडात म्हणाली, पण मी ऐकलं, “आली.” मग भुलोजीकडे पाहून, “आला.” आणि ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, नाक पदराला पुसत. बाया गाणं म्हणायच्या थांबल्या.

परत निघताना आम्ही खाली पार्किंगमध्ये ऑटोची वाट पाहत उभे होतो. ती खुश होती. म्हणाली, सुनेचा हात चांगला आहे, अगदी आपल्या भावजयीचाच हात. मी गप्प राहिलो असतो तर ती तशीच मोर्शीला गेली असती, सुखात. मला नाही जमलं.

“सून बसलीच नाही, आक्का. दोन्ही मीच केल्या.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “एकट्यानं?”

“हो.”

“उपाशी तरी होता?”

“भाकर खाऊन बसलो. मुद्दाम.”

ती मोटारसायकलच्या सीटला धरून टेकली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिनं विचारलं, “तुले आली होती काय?”

“नाही. वाट पाह्यली. नाक झिजाले लागलं तवा सोडून देल्लं.”

“मी आत्ता हात जोडून आली तिले,” ती म्हणाली. “रडली तिच्यापुढं. आता थे हात वापस घेऊ काय?”

“मले काय विचारतं.”

“मंग कोनाले विचारू? घडवनारा तू.”

“घडवनारा मी नाही, आपल्या हातून होते, हेच तं बाप सांगे. मंग आता त्यालेच विचार. माह्या ओट्यावर नाही आला आन इथं लाइटीत तुह्यापुढं कसा आला.”

 ऑटो आला. चढताना मी हात दिला तर तिनं घेतला. बसल्यावर म्हणाली, “तो तुह्यावर रुसला असंन.” मग जरा थांबून, “आन तू त्याच्यावर. दोघंही सारखे अडेल.”

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे. आक्काच्या डोळ्यांना भास झाला असेल, तर मग आम्हालाही वर्षानुवर्षं भासच झाला. माझ्या बायकोच्या तोंडात माझ्या आईनं साखर घातली ती भासाला घातली, आणि दवाखान्यात तिची बोटं चालली ती नर्स म्हणाली त्याचसाठी चालली. हे मी मरेपर्यंत मानणार नाही. आणि आक्काला जर खरंच दिसला असेल, तर तो आला होता. त्या थर्माकोलमध्ये आला, मोबाइलच्या गाण्यात आला, झिजलेल्या नाकात आला, आणि ज्या म्हाताऱ्यानं एकटं बसून त्याला माती दिली त्याच्याकडे पाठ करून गेला. हे जास्त लागतं. नसलेल्यावर माणूस रुसू शकत नाही. असलेल्यानं तोंड फिरवलं की रात्रंदिवस जळतं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी बायांनी जोडी गच्चीवरच्या ड्रममध्ये विरघळवली, पाणी कुंड्यांना घातलं. मला बोलावलं होतं, मी गेलो नाही. नंतर पोराला फोन केला. त्याची माफी मागणं मला येत नाही, सुनेला द्यायला सांगितला. तिला म्हटलं, तू खरं बोलली होती बाई, मी खोटं वागलो. ती म्हणाली, जेवले का मामाजी. बस, तेवढंच बोलणं झालं.

आक्का अधूनमधून फोन करते आणि विचारते, पुढच्या भादव्यात काय करशील. आता एकट्यानं हात लावू नको म्हणत नाही, नुसतं विचारते. मी सांगतो, माती आणीन. कापूस या वेळी बेतानं घालीन. आंघोळ करून, उपाशी, दिवा लावून, तोंड बंद ठेवून बसीन, म्हणजे त्याला माझ्यावर बोट ठेवायला जागा नको. आणि तरी नाही आला, तर मग माझं त्याच्याशी काय बोलणं व्हायचं ते होईल.